केशरबाईचा वाटा

लशीसाठी केशरबाईचा नंबर पहिल्याच खेपेला लागला आणि त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

हॉस्पिटलात तिला पहिलं असं काही कधी मिळालंच नव्हतं. घोडबंदर रोडच्या त्या हॉस्पिटलात ती बरीच वर्षं आया होती, तीही ठेक्यावर. चहा यायचा तो आधी डॉक्टरांना, मग सिस्टरांना, मग ऑफिसातल्या पोरांना. किटलीच्या तळाशी उरेल तो आयांना आणि झाडूवाल्यांना. साथ आली तेव्हा मास्कही ह्याच क्रमाने आले. सुरुवातीचे कितीतरी दिवस केशरबाईने नाकाला पदर बांधून बेडपॅन धुतले होते. आणि आता जानेवारीच्या थंडीत सुपरवायझर प्रीतम मोबाईल नाचवत पॅसेजमध्ये उभा राहिला आणि एरवी 'ए मावशी'च्या पुढे न जाणाऱ्या त्या माणसाने तिचं नाव आडनावासकट वाचलं.

"केशर चांगदेव साळवे. पहिल्या दिवशी. त्याच्यानंतर निशिगंधा सिस्टर, मग गंगूबाई. आधार कार्ड घेऊन यायचं. दांडी मारायची नाय."

गंगूबाई तिच्या जोडीची आया, वर्तकनगरला राहणारी, मूळची कोकणातली. दोघी धुण्याच्या मोरीत चादरी भिजवत होत्या. गंगूबाईने क्लोरीनच्या पाण्यात हात घातला, सुकलेल्या बोटांना चिरा होत्या, तिथे चरचरलं. तिने हात झटकला.

"काय गो केशर, जल्मभर आपण शेवटच्या पंगतीला. आज एकदम पहिल्या पंगतीत पान. मला तर वाढप्याचाच संशय येतो."

"मोठ्या डॉक्टरांनी घेतली का?"

"ते पुढच्या आठवड्यात, म्हणे."

"म्हणजे आधी आपल्याला टोचून बघणार."

कापायच्या आधी बकऱ्याच्या गळ्यात हार घालतात, हे दोघींनाही एकदमच आठवलं असावं. त्या चादरी पिळत बसल्या.

तेवढ्यात निशिगंधा सिस्टर मोरीपाशी थांबली. तिशी ओलांडलेली, हाताने हलकी, रुग्णाला सुई कधी टोचली ते कळायचं नाही अशी तिची ख्याती. लस टोचायचं काम तिच्याकडेच होतं.

"घाबरू नका हं. काही होत नाही. दंड दुखतो थोडा."

"तुम्ही घेणार ना सिस्टर?" केशरबाईने विचारलं.

"माझा नंबर नंतर आहे," असं म्हणून ती चपला वाजवत निघून गेली.

केशरबाईने पिळलेली चादर पुन्हा पाण्यात टाकली. सिस्टरचं नाव तिच्या नावाला लागूनच वाचलेलं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सुई टोचणारीच लपते म्हटल्यावर सुई घेणाऱ्याने काय समजावं?

---

बाळकुमच्या चाळीत दुपार टळली की समोरच्या टॉवरची सावली पडायची ती सकाळपर्यंत हलायची नाही. पूर्वी तिथे भातखाचरं होती. आता गार फरशी आणि त्याहून गार भिंत.

केशरबाई ड्युटीवरून आली की घरात जात नसे. मागच्या नळावर सून पायल गरम पाण्याची बादली आणून ठेवायची. अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी ओतून घ्यायचं, कपडे साबणात बुडवायचे, मग दुसरं लुगडं. बादली नळावर येईपर्यंत अर्धी निवलेली असायची. ती आली की बायका आपापले हंडे उचलून लांब व्हायच्या. ह्याच बायकांनी गेल्या वर्षी तिच्यासाठी थाळ्या बडवल्या होत्या. थाळी लांबूनच वाजवता येते, त्याला काय लागतं! केशरबाई त्यांच्याकडे न बघता भराभर पाणी ओतायची, पण तिला ते लागायचं. रोज लागायचं.

तिचं झोपणं-जेवणं बाहेरच्या ओट्यावर. वाऱ्याला प्लॅस्टिकचा कागद लावलेला. आणि उंबऱ्याच्या आत, भिंतीला उशी लावून चांगदेव. तिचा नवरा. तरुणपणी खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा, तेव्हा सगळी धूळ छातीत गेली. फोटो बघून डॉक्टर म्हणालेले, आत दगड साचलाय. आता मोरीपर्यंत जाऊन आला तरी त्याचा भाता बराच वेळ चालायचा. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वरखाली व्हायच्या. वॉर्डात केशरबाईने माणसं श्वासासाठी तोंड उघडून गेलेली पाहिली होती. चांगली दणकट माणसं. चांगदेवला हा आजार लागला तर तो दोन दिवस काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि घरात तो आजार आणू शकेल असं माणूस एकच होतं. ती स्वतः.

साथीच्या आधी ती यायची तेव्हा चांगदेव पहिल्यांदा तिच्या पिशवीकडे बघायचा. हॉस्पिटलात तिच्या वाट्याला येईल ते ती तिथे खात नसे. चहाबरोबरची बिस्किटं, झेंडावंदनाचा लाडू, कुणा रुग्णाने घरी जाताना वाटलेला पेढा, रुग्णाने नको म्हटलेला ब्रेड, सगळं पिशवीत. "मी खाल्लं तिकडंच," असं ती दडपून सांगायची आणि तो खायचा. साथ आली आणि पिशवी बंद झाली. हॉस्पिटलचा कागदाचा कपटासुद्धा घरात आणायचा नाही, हा नियम तिनेच केला. तरी चांगदेवची नजर अजून पिशवीकडे जायचीच. सवय.

"काय बोलले मग लशीचं?" त्याने उंबऱ्याआडून विचारलं.

"नंबर लागलाय."

बाहेर रिक्षा पुसत असलेला प्रशांत फडकं तसंच ठेवून आला. "आई, तू नको घेऊ हा. स्टँडवर सगळे बोलतात, घेतल्यावर माणूस आठवड्यात खलास. व्हिडिओ आलाय."

"व्हिडिओ कुठला?"

"आता ते काय माहीत. पण आलाय ना!"

"त्याचं ऐक," चांगदेव म्हणाला. तो थांबला, श्वास गोळा केला. "तू पडलीस तर... मला कोण बघणार?"

घेतली आणि काही झालं तर हा उघडा पडणार. नाही घेतली आणि आजार आणला तर हाच आधी जाणार. केशरबाईने ताटलीतली भाकरी तशीच झाकून ठेवली.

---

नंबर होता त्या दिवशी ती ड्युटीवर गेली, पण खाली जिथे लस टोचत होते तिथे गेली नाही. कपड्यांच्या खोलीत दार लोटून चादरींच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. बाहेर कुणी तिचं नाव घेतलं की ती दाराआड सरकायची. वयाला शोभत नव्हतं ते, शाळा चुकवणाऱ्या पोरीसारखं, पण पाय उचलत नव्हता.

दुपारी प्रीतमने तिला पॅसेजमध्ये गाठलं. डॉक्टर, पेशंटची माणसं, सगळ्यांच्या देखत.

"कुठे होतीस? फोन करून करून मी थकलो! दहा माणसं बसल्याशिवाय बाटली फोडत नाहीत, माहिती नाय तुला? दहा येणार म्हणून फोडली, आणि तुम्ही तोंड लपवून बसलात. चार डोस गेले कचऱ्यात. चार! लोकांना मिळत नाय आणि तुम्हाला फुकट देऊन पण नको."

"पोटात कळ आलेली, साहेब."

"पुढच्या टायमाला कळ आली तर मार्चला ठेका संपला की घरीच बस. कळ काढत."

कुणीतरी हसलं. केशरबाई मान खाली घालून उभी राहिली. पण प्रीतमच्या शिव्या तिच्या डोक्यात राहिल्याच नाहीत. राहिलं ते एकच. चार डोस कचऱ्यात गेले. ब्रेड फेकायला निघाला की ती मधेच हात घालून उचलायची, आणि इथे अख्खं औषध फेकलं! ज्याला खरी गरज त्या चांगदेवचा नंबर नाही. म्हाताऱ्यांचं पुढे बघू, असं सरकार म्हणत होतं.

गंगूबाईने मात्र लस घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फोन लावला तर बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बंद. मोरीत केशरबाई एकटीच चादरी पिळत होती आणि वॉर्डात कुजबुज सुरू झाली होती. गंगूला ॲडमिट केलं म्हणे. कुणी म्हणालं, हात लुळा पडला. निशिगंधा सिस्टर दोनदा मोरीपाशी येऊन विचारून गेली, "गंगूबाईंचं काही कळलं का?" तिचा चेहरा उतरलेला होता. टोचलं तिनेच होतं ना.

तिसऱ्या दिवशी गंगूबाई पदर खोचत आली.

"अगो, काय नाय. ताप आला, अंग ठेचल्यासारखं झालं. दोन दिवस निजून काढले."

"आणि फोन?"

"चार्जर लेकीने नेलान. मी मेले असं वाटलं काय तुला?"

केशरबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिने गंगूबाईचा दंड दाबून पाहिला. गंगूबाई ओरडली. चांगला धडधाकट दंड होता.

म्हणजे औषध बरं होतं. आणि औषध बरं होतं म्हटल्यावर केशरबाईच्या मनाने लगेच त्याची पुडी बांधली. चांगली वस्तू तिथेच खाऊन कशी टाकायची? तिचा वाटा आहे ना? मग तो ती घरी देईल.

---

तिने हॉस्पिटलात कुणाला विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणतात, समोर नेऊन उभं केलं की कुणीतरी हो म्हणतं, हे ती आयुष्यात शिकली होती. प्रशांतला शाळेत तिने असंच घातलं होतं, रेशन कार्डावर पायलचं नावही असंच चढवलं होतं. पुढचा नंबर आला त्या सकाळी तिने चांगदेवचा लग्नकार्याचा सदरा काढला.

"मी कशाला?" तो म्हणाला.

"छाती तपासून देतात म्हणे. चला."

प्रशांतला खरं सांगावं लागलं. त्याने कपाळावर हात मारला. "आई, असं चालत नाय! हात दाखवून अवलक्षण होईल."

"तू रिक्षा काढ."

ती पुढे लेकाच्या बाजूला टेकून बसली, मागे चांगदेव एकटा. घोडबंदर रोडला गाड्या तुंबल्या होत्या. धूळ उडत होती. चांगदेवने रुमालावर रुमाल बांधला होता, तरी खोकला लागलाच. केशरबाई मागे वळून बघायची आणि पुन्हा पुढे बघायची. आपण करतोय ते बरोबर की चूक, तिचं तिलाच कळेना.

दारात वॉचमन विठ्ठलने चांगदेवच्या कपाळाला तापाचं यंत्र लावलं. ताप नव्हता. केशरबाई ओळखीची, त्याने सोडलं. आत लांब लांब खुर्च्या मांडलेल्या. नऊ माणसं बसली होती. एक्स-रेवाला, औषधाच्या काउंटरवरची दोन पोरं, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, अशी. दहावं माणूस आलं की बाटली फुटणार म्हणून सगळे दाराकडे बघत होते. केशरबाईने चांगदेवला दहाव्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः टेबलापाशी गेली. टेबलामागे निशिगंधा सिस्टर.

"हे आधार कार्ड. माझंच नाव आहे सिस्टर. फक्त सुई तेवढी ह्यांना द्या."

"कोणाला?"

"मालकांना. माझा वाटा ह्यांना द्या. माझी तब्येत दगडासारखी आहे, मला काय होतंय?"

औषधवाला पोरगा फिस्सकन हसला. "मावशी, पार्सल पाहिजे काय?"

मग सगळेच हसले. सिस्टरही हसली आणि लगेच थांबली. तेवढ्यात चांगदेवला ठसका लागला. तोंडावर दोन्ही रुमाल दाबून तो वाकला, थांबेचना. हसणं एकदम बंद झालं. शेजारच्या खुर्च्या फरशीवर खरडत लांब सरकल्या. ड्रायव्हर उठून भिंतीशी गेला. "अरे, खोकला असलेला माणूस आत कसा घेतला? बाहेर काढा आधी!"

"त्यांना तसला खोकला नाय! खाणीतला आहे, जुना आहे!" केशरबाई ओरडून सांगत होती. कोण ऐकतो? विठ्ठल आला. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याने चांगदेवला हात लावला नाही, काठीने दार दाखवलं. चांगदेव उठला, सदरा सारखा केला आणि भिंतीला धरून बाहेर गेला.

केशरबाई मागे धावली. आवाराच्या कठड्यावर तो बसला होता. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, धूळ अंगावर आली. ती त्याच्यापासून चार हात लांब थांबली. सवयीने.

"छाती तपासायला आणलंस होय मला?" तो म्हणाला. रागावलेला नव्हता, पण त्याचे डोळे लाल झाले होते.

"चार डोस फेकले त्या दिवशी. एक तुम्हाला दिला असता तर काय बिघडलं असतं?"

त्याला एकेक शब्द श्वासाच्या मधून काढावा लागत होता.

"तू म्हणायचीस, मी खाल्लं तिकडंच. मला कळत नव्हतं काय? पेढा अख्खाच यायचा, दोन तुकडे कधी झालेले नसायचे. मी गप खायचो. गोड लागायचं म्हणून खायचो." तो खोकला. "ह्या खेपेला नको. हा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाय, केशर. जा. बस जाऊन."

"आणि मला काय झालं तर? तुम्हीच म्हणत होता ना—"

"भीती वाटते म्हणून म्हणत होतो. अजून वाटते. तू जा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने तिला नावाने हाक क्वचितच मारली होती. केशरबाई वळली ती मागे न बघता आत गेली. बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

दहावी खुर्ची रिकामीच होती. ती बसली. निशिगंधा सिस्टरने बाटली फोडली. केशरबाईची पाळी आली तेव्हा पडद्याआड सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "मावशी, राग मानू नका. हा वाटा दुसऱ्याला देताच येत नाही. दिला असता तर मीच आधी देऊन टाकला असता माझा."

"तुम्ही अजून घेतली नाय?"

सिस्टरने पडद्याकडे बघितलं. कुणी ऐकत नव्हतं. "सहा वर्षं झाली लग्नाला. आत्ता कुठे ट्रीटमेंट लागू पडेल असं डॉक्टर म्हणतायत. ह्या लशीने मूल होत नाही म्हणतात, मावशी. खोटं आहे हे मला माहितीये. मीच लोकांना सांगते खोटं आहे म्हणून. पण घरी गेले की भीती वाटते."

केशरबाईने पोलक्याची बाही वर सारली. सुई कधी गेली ते खरंच कळलं नाही. कळलं ते सिस्टरचे डोळे मास्कच्या वर तिच्या तोंडाकडे किती निरखून बघत होते ते.

"कसं वाटतंय?" सिस्टरने विचारलं. आणि पुन्हा, "काही होतंय का?"

"नाय. तुम्ही पण घ्या, असं मी नाय म्हणणार. मी स्वतः चादरीत लपून बसलेली. पण गंगू धड आहे, आणि माझं बघा उद्या."

सिस्टरने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही.

लशीनंतर अर्धा तास काचेच्या खोलीत बसायचं होतं. काचेतून आवार दिसायचं. कठड्यावर चांगदेव ओणवा झालेला, पाठ भात्यासारखी हलत होती. केशरबाई उठली. "मावशी, बसायचं," विठ्ठलने खुणावलं. ती बसली. आपल्याच छातीत धडधडतंय ते सुईने की भीतीने? आत्ता आपल्याला काही झालं तर तो काचेपलीकडून बघणार, आणि त्याला काही झालं तर आपण. दोघांपैकी कुणाला उठता येणार नाही. असा अर्धा तास तिने जन्मात काढला नव्हता. मग प्रशांत पाण्याची बाटली घेऊन आलेला दिसला. चांगदेवने पाणी पिऊन मान वर केली आणि काचेकडे बघितलं. तिने दुखणारा हात उचलून दाखवला. जिवंत आहे, एवढंच तिला सांगायचं होतं.

निघताना प्रत्येकाला बिस्किटाचा छोटा पुडा मिळाला. तिचा हात आपोआप पिशवीत गेला. मग तिला आपलाच नियम आठवला आणि तो पुडा तिने बाहेरच्या नळावर साबण लावून धुतला, पदराने पुसला.

"काय आणलंस?" चांगदेवने विचारलं. साथ आल्यापासून त्याने हे विचारलं नव्हतं.

तिने पुडा कठड्यावर ठेवला आणि मागे सरकली. त्याने तो फोडला. एक बिस्किट काढून मोडलं, अर्धं पुड्याच्या कागदावर ठेवून कागद तिच्याकडे ढकलला.

"मी खाल्लं तिकडंच," ती म्हणाली.

"खोटं बोलू नको. हा तुझा वाटा. माझ्यासमोर खा."

खायचं तर मास्क काढावा लागणार होता. त्याच्यासमोर उघडं तोंड तिने दहा महिन्यांत केलं नव्हतं. एक सुई घेतल्याने सगळं होत नाही, दुसरी घ्यायची आहे, आणि त्याच्या सुईची तर अजून तारीखसुद्धा नाही, हे तिला आत नीट समजावून सांगितलं होतं. तिने कागद उचलला. आणखी पाच पावलं लांब जाऊन रस्त्याकडे तोंड केलं, नवऱ्याकडे पूर्ण पाठ केली, वारा कुठला आहे ते पदर धरून बघितलं. मग मास्क खाली ओढून तिने ते अर्धं बिस्किट सावकाश खाल्लं, आणि मागून त्याचा श्वास ऐकत राहिली.